नवें दप्तर आणि जुना प्रश्न



‘यवतमाळ’ हें नांव ऐकलें म्हणजे परक्या माणसास सहज एखाद्या माळरानाची आठवण होते. वस्तुतः त्या नांवाच्या शेपटाशीं माळाचा कांहीं एक संबंध नाहीं. अकबराच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांत अबुल फज्लनें ‘आईन-इ-अकबरी’ सिद्ध केली, तींत वऱ्हाड सुभ्यांतील महालांच्या यादींत ‘योत-लोहारा’ असें एक नांव येतें. त्यांतील लोहारा म्हणजे यवतमाळच्या पश्चिमेस अगदीं लगत असलेलें गांव. आणि योत किंवा यवत ह्याला ‘महाल’ हा शब्द जोडला जाऊन, जिभेवर झिजत झिजत, ‘यवतमाळ’ झालें. म्हणजे वसुलाच्या वहींतील एका विभागाचें शीर्षक ह्या गांवाला चिकटलें, आणि ती वही, तिचे लेखक व तिचे धनी सर्व निघून गेल्यावरहि तें तसेंच राहिलें.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकावयास संगणकाच्या कारखान्यांतला वाटेल. एका बनावटीच्या डेटाबेसांतील माहिती दुसऱ्या बनावटीच्या डेटाबेसांत हलविली, तर पहिल्यास विचारण्याकरितां लिहून ठेवलेले प्रश्न — तंत्रज्ञ ज्यांना ‘क्वेरी’ म्हणतात — दुसऱ्यास जसेच्या तसे विचारतां येतात काय? अनुभवी माणूस ह्यावर मान हलवितो. कित्येक प्रश्न नवें यंत्र समजतच नाहीं. तें तसें स्पष्ट सांगतें, आणि तेथें फारसें भय नसतें. भय आहे तें निराळ्या जातीच्या प्रश्नाचें. तो नव्या यंत्रास समजतो, तें मुकाट्यानें उत्तरहि देतें, आणि तें उत्तर चुकीचें असतें.

ही अडचण संगणकानें जन्मास घातली असें मात्र कोणीं समजूं नये. यवतमाळ जिल्ह्याच्या जमीन-दप्तरानें ती, संगणक येण्याच्या आधीं, निदान तीन वेळां भोगली आहे. हें शेत कोणाचें, केवढें, आणि त्याचा सारा किती, हे तीन प्रश्न प्रत्येक राजवटीनें विचारले. प्रश्न तेच, परंतु ज्या दप्तरास ते विचारावयाचे, तें दर खेपेस निराळें.

अकबराच्या फौजांनीं १५९६ सालीं वऱ्हाड घेतलें, तेव्हां आजच्या जिल्ह्याचा बहुतेक मुलूख कळंब व माहूर ह्या दोन सरकारांत मोडत होता. पुढें अठराव्या शतकांत निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांची दुहेरी सत्ता वऱ्हाडावर चालली. एकाच गांवच्या वसुलाचे दोन धनी, दोन हिशेब, आणि त्या दोहोंचा मेळ घालणारे परगण्याचे देशमुख व देशपांडे. देशमुखानें वसूल पाहावा, देशपांड्यानें दप्तर राखावें. गांवीं तेंच काम पाटील व पटवारी ह्यांनीं करावें. वरचे कागद फारसींत, गांवचे मोडींत. ह्या दप्तराचें वैशिष्ट्य असें कीं, तें वाचून उत्तर सांपडत नसे. देशपांड्यास विचारून सांपडत असे. अमुक शेताचा सारा कां कमी, ह्याचें कारण कागदावर एका खुणेइतकें असे आणि देशपांड्याच्या डोक्यांत पानभर असे. दप्तर आणि त्याचा अर्थ लावणारा हे एकमेकांपासून वेगळे काढतां येत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निजामानें वसुलाचे मक्ते दिले, पूरणमलासारखे सावकार आणि पेस्तनजीसारखी कापसाची पेढी मध्यें आली, तेव्हां त्यांनाहि ह्याच माणसांच्या तोंडाकडे पाहावें लागलें.

त्यांतून मापांचा आणि सनांचा घोटाळा निराळाच. पांच हात पांच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशें वीस बिघ्यांचा एक चाहूर, असें कोष्टक आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ असे. परंतु हात कोणाचा आणि मूठ कोणाची, हें त्या कोष्टकांत नाहीं. म्हणून एका परगण्याचा बिघा दुसऱ्या परगण्याच्या बिघ्याइतका असेलच अशी हमी नव्हती. सनांचें तर विचारूंच नका. मराठी कागदांवर सुहूर सन असे, तोहि अरबी संख्याशब्दांत लिहिलेला. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३. त्यांत ५९९ मिळवले कीं इसवी १७७२ येतें, आणि वर्षाचा उत्तरार्ध असेल तर ६०० मिळवावे लागतात, कारण हें वर्ष मृग नक्षत्रीं सूर्य आला म्हणजे बदलतें. दक्षिणेच्या फसली सनांत ५९० मिळवावयाचे. उत्तरेची फसली घेतली तर हाच आंकडा ५९२ किंवा ५९३ होतो. हिजरी सन चांद्र असल्यामुळें त्यांत ठराविक आंकडा मिळवून भागतच नाहीं. तो सौर वर्षाच्या पुढें पुढें सरकतो. तेव्हां ‘ह्या शेताचा दहा वर्षांपूर्वींचा सारा किती?’ एवढा साधा प्रश्न विचारणाऱ्यास आधीं विचारावें लागे: दहा वर्षें कोणत्या सनाचीं?

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें. १८६१ मध्यें मुंबई इलाख्याची पाहणी-पद्धति येथें लागू झाली. १८६४ सालीं अमरावतीपासून वेगळा काढून वणी जिल्हा निर्माण झाला, तोच आजच्या यवतमाळचा पूर्वज. मुंबईची ही पद्धति गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत घडविली होती आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें ती पक्की झाली होती. तिचें साधन साधें: तेहतीस फुटांची साखळी. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रतहि सोळा आण्यांपासून खालीं उतरत जाणाऱ्या आणेवारीनें ठरे. साऱ्याचा ठराव तीस वर्षांचा.

माझ्या मतें साखळीपेक्षांहि मोठा फरक निराळ्याच जागीं पडला. जुन्या दप्तरांत माणूस आधीं व त्याची जमीन मागाहून येत असे: अमक्याकडे इतके बिघे, त्याचे इतके रुपये. नव्या दप्तरांत शेत आधीं आलें. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला क्षेत्र व आकार, आणि मग त्यासमोर खातेदाराचें नांव. आजचे तंत्रज्ञ ज्याला कोष्टकाची ‘किल्ली’ म्हणतात, ती माणसाच्या नांवावरून काढून शेताच्या नंबरावर ठेवली गेली. त्याबरोबर प्रश्नाचें तोंडहि फिरलें. ‘ह्या माणसाकडे काय आहे?’ हें जुन्या दप्तरास एका दमांत विचारतां येई. नव्या दप्तरांत त्यासाठीं गांवचे सगळे नंबर चाळावे लागत. उलट ‘हें शेत कोणाचें?’ हा प्रश्न, जो पूर्वीं देशपांड्यावांचून सुटत नसे, तो आतां कोणाहि कारकुनास सुटूं लागला. रयतेच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ होता. तिचा हक्क कोणाच्या स्मरणावर अवलंबून राहिला नाहीं. परंतु जे हक्क रकान्यांत बसत नव्हते — गवत-लाकडाची वहिवाट, वाटेवरचें पाणी, अर्धेलीनें पेरणाऱ्याचा भाग — त्यांच्याविषयीं नवें दप्तर मूक राहिलें. जें विचारतांच येत नाहीं तें नसल्यासारखें होतें. आणि जंगलाच्या कडेनें फिरती शेती करणाऱ्या कोलामास किंवा गोंडास ह्या मौनाची किंमत मोजावी लागली.

जुनें शीर्षक नव्या वहींत जीव धरून राहतें ह्याचा आणखी एक नमुना ह्याच काळांतला आहे. वणी जिल्ह्यांत ओसाड गांवें पुष्कळ होतीं. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांखालीं तीं लागवडीस आणण्यासाठीं इजाऱ्यानें दिलीं गेलीं. मुदती संपल्या, इजारदार गेले, कायदे रद्द झाले. पण यवतमाळ जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या नांवापुढें ‘इजारा’ हा शब्द अजून लावला जातो. जमाबंदीचा एक प्रकार होता, तो गांवाच्या नांवाचा भाग झाला. आतां ह्या जिल्ह्यांत इजाऱ्याचीं गांवें किती, असा प्रश्न जर कोणीं नुसतीं नांवें चाळून सोडवूं पाहील, तर ज्यांच्या नांवांतून तो शब्द गळाला तीं त्याला सांपडणार नाहींत.

१९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलें गेलें आणि १९०५ मध्यें वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले. वाशीम जिल्हा मोडला. त्याचा पुसद तालुका इकडे आला. आणि वणी जिल्ह्यानें आपलें नांव बदलून ‘यवतमाळ’ हें घेतलें. हा दोन ओळींचा फेरबदल अभ्यासकाला वर्षानुवर्षें चकवितो. १९०१ ची खानेसुमारी काढून ‘यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या’ पाहूं गेलें तर त्या नांवाचा जिल्हाच नाहीं. ‘वणी’ नांवानें पाहिलें तर आंकडा मिळतो, पण तो पुसदवांचून. त्याला १९११ च्या आंकड्याशेजारीं ठेवलें तर दहा वर्षांत जिल्हा एकदम फुगलेला दिसतो. ती सगळी माणसांची वाढ नव्हती. रेघहि सरकली होती. त्या वेळीं यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी व पुसद असे पांच तालुके होते. आज सोळा आहेत. तेव्हां ‘पूर्वींच्या मानानें दारव्ह्यांत कापूस कमी झाला काय?’ असें विचारणाऱ्यानें कोणता दारव्हा, हें आधीं सांगावें.

आतां कायद्यांकडे वळूं. १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल कायद्याच्या जागीं १९५४ चा मध्यप्रदेशचा कायदा आला. त्यानें जमीन धारण करणाऱ्यांस ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ अशीं नांवें दिलीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. तरी हा कायदा विदर्भापुरता चालूच होता. अखेर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलांत आला, आणि त्यानें ‘भोगवटादार वर्ग १’ व ‘भोगवटादार वर्ग २’ अशी वांटणी केली. घाईचा कारकून म्हणेल: सोपें आहे, भूमिस्वामी दिसला कीं वर्ग १ लिहावें, भूमिधारी दिसला कीं वर्ग २. कायदा तसें म्हणत नाहीं. विकण्याची मुभा निर्वेध आहे कीं तीवर बंधन आहे, ह्या कसोटीवर तो वर्ग ठरवितो. आणि भूमिस्वामी म्हणून नोंदलेल्याच्या हक्कावरहि बंधन असूं शकतें. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलें तर बंधनाची जमीन निर्बंध ठरेल, किंवा निर्बंध जमिनीच्या धन्याला विनाकारण परवानगीसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. एकाच रकान्यांतील माहिती वाचून हें ठरत नाहीं. शेऱ्याचा रकानाहि सोबत वाचावा लागतो. आपण ज्या सातबाऱ्याचें नांव रोज घेतों, त्याचे गांव नमुना सात आणि बारा हे १९७१ च्या नियमांनीं ठरलेले आहेत. विदर्भांतील जुन्या कुटुंबांच्या ट्रंकांत मात्र ‘पेरेपत्रक’ आणि ‘अधिकार अभिलेख’ हेच मथळे सांपडतात.

ह्या सगळ्याचा प्रत्यक्ष मनुष्यजीवनाशीं संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. त्याला मी १९७४ च्या एका कायद्याकडे बोट दाखवीन. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याविषयींचा महाराष्ट्राचा हा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या अवधींत आदिवासीच्या हातून बिगर-आदिवासीच्या हातीं गेलेल्या जमिनीची चौकशी करण्यास सांगतो. कोलाम, गोंड, परधान आणि आंध ह्यांची वस्ती असलेल्या ह्या जिल्ह्यांत त्याचें महत्त्व सांगावयास नको. आतां हा प्रश्न दप्तराला कसा विचारावयाचा तें पाहा. अवधीचीं पहिलीं दहा वर्षें मध्यप्रदेशच्या कायद्याच्या दप्तरांत आहेत. पुढचीं सात महाराष्ट्राच्या. पहिल्यांत धारण करणाऱ्याचें नांव एका संज्ञेखालीं, दुसऱ्यांत निराळ्या. जुन्या कागदांत नांवापुढें जात लिहिण्याची चाल होती. सातबाऱ्यावर जातीचा स्वतंत्र रकाना नाहीं, आणि आडनांवावरून जमात ओळखणें म्हणजे अंधारांत दगड मारणें. क्षेत्र आधीं एकर-गुंठ्यांत, नंतर हेक्टर-आरांत. जेथें एकत्रीकरण झालें तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला. अशा रीतीनें एकच प्रश्न दोन भाषांत लिहावयाचा, दोन उत्तरें जोडावयाचीं, आणि सांध्यावर एखादें शेत निसटलें तर एक कुटुंब निसटलें. मराठवाड्यांत २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या समितीनें निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हांहि उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांस शोधून आणावें लागलें. दप्तर जागेवर होतें. त्यास प्रश्न विचारण्याची भाषा हरवली होती.

एकर आणि हेक्टर ह्यांच्या संधीवर थोडें थांबलें पाहिजे, कारण येथें भलेभले फसतात. जुन्या उताऱ्यावर ‘२.२०’ लिहिलेलें असे, त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे. नव्या उताऱ्यावर ‘२.२०’ म्हणजे दोन हेक्टर वीस आर. शंभर आरांचा हेक्टर होतो, म्हणून नव्या आंकड्यांची बेरीज दशांश अपूर्णांकासारखी सरळ करतां येते. जुन्यांची येत नाहीं. दोन एकर वीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे ह्यांची बेरीज यंत्र ‘३.५०’ सांगेल, आणि ती पाहणाऱ्यास साडेतीन एकर वाटेल. खरी बेरीज चार एकर दहा गुंठे आहे. एका शेतकऱ्याचे पाऊण एकर असे बोलतां बोलतां नाहींसे होतात! बेरजेचा हुकूम तोच, आंकडे तसेच दिसणारे, पण टिंबाचा अर्थ बदललेला. प्रश्न लिहिणाऱ्यानें टिंबाला काय म्हणावयाचें आहे हें विचारलें नाहीं, तर यंत्र आपण होऊन सांगत नाहीं.

भारत सरकारनें जमिनीचे अभिलेख संगणकावर आणण्याची योजना १९८८-८९ मध्यें देशांतील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू केली. महाराष्ट्रांतून त्यांत वर्धा जिल्हा होता. म्हणजे नदी ओलांडली कीं आलेला यवतमाळचा शेजारी. पुढें राज्यभर सातबारा संगणकावर चढला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळूं लागला. ह्या यंत्रांच्या पोटांतील डेटाबेस ज्या भाषेंत प्रश्न स्वीकारतात, तिचा इतिहास फार जुना नाहीं. आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड ह्यानें १९७० सालीं असें मांडलें कीं, सर्व माहिती कोष्टकांत ठेवावी, आणि ती कोठें व कशी सांठवली आहे ह्याची फिकीर न करतां, काय हवें तेवढेंच सांगून ती मागतां यावी. देशपांड्यास बाजूला सारण्याचा तो विचार होता असें म्हटलें तरी चालेल. १९७४ मध्यें त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस ह्यांनीं त्यासाठीं एक प्रश्नभाषा रचली. तीच पुढें एस्क्यूएल म्हणून प्रसिद्ध झाली. १९८६ मध्यें अमेरिकेंत तिचें प्रमाण ठरलें. पण तोंवर निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापल्या बोली चालू केल्या होत्या. आणि प्रमाणभाषा ठरली म्हणून बोली मरत नाहींत, हें वऱ्हाडी माणसास सांगण्याची जरूर नाहीं.

ह्या बोलींतील फरकाचे दोन-तीन मासले देतों. गांवांतील मोठ्यांत मोठीं दहा शेतें हवीं आहेत. एका यंत्रांत क्रम लावून ‘पहिलीं दहा’ म्हटलें कीं काम होतें. दुसऱ्या एका जुन्या व प्रसिद्ध यंत्रांत मात्र ओळींना क्रमांक आधीं मिळतात आणि क्रम मागाहून लागतो. म्हणून तेथें त्याच घाटणीनें विचारलें तर वाटेल तीं दहा शेतें उचलून त्यांचा मात्र नीट क्रम लावून मिळतो. कागद देखणा, उत्तर खोटें. तारखेचें तसेंच. ‘०१/०४/१९५७’ ही आपल्याकडे १ एप्रिल. अमेरिकन वळणाच्या यंत्रास ती ४ जानेवारी. वर सांगितलेल्या कायद्याची मुदत अशा रीतीनें तीन महिने मागें सरकेल आणि कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं.

सर्वांत कठीण प्रकरण कोऱ्या रकान्याचें, असें मला वाटतें. इतर हक्कांचा रकाना कोरा आहे, ह्याचा अर्थ काय? कोणाचा कांहींच हक्क नाहीं, कीं कोणीं लिहिलेंच नाहीं? कॉडच्या विचारसरणींत ‘अज्ञात’ ही एक वेगळीच अवस्था मानली जाते, आणि तिची कशाशींहि तुलना केली तर उत्तर होयहि येत नाहीं, नाहींहि येत नाहीं. म्हणून ‘ज्यांच्या रकान्यांत कूळ असें लिहिलेलें नाहीं तीं शेतें सांगा’ असें विचारलें, तर अज्ञात रकान्याचीं शेतें उत्तरांतून गळतात, जरी त्यांच्यांत कूळ लिहिलेलें नसतें. त्यांत भर अशी कीं, कांहीं यंत्रें लिहून पुसलेल्या रिकाम्या जागेस आणि अज्ञातास वेगळें समजतात, तर एक बडें यंत्र दोहोंस एकच मानतें. पहिल्या प्रकारच्या यंत्रावर ‘रिकामी जागा असलेलीं शेतें’ म्हणून विचारलेला प्रश्न दुसऱ्यावर नेला, तर तो एकहि शेत परत आणीत नाहीं. गांवचा पटवारी अशा ठिकाणीं आडवी रेघ ओढीत असे; ती रेघ म्हणजे ‘मीं पाहिलें, कांहीं नाहीं’ अशी साक्ष होती. रेघ न ओढलेला कोरा चौकोन म्हणजे न पाहिलेला. ह्या दोन खुणांतला भेद संगणकावर चढवितांना किती जणांनीं राखला असेल, ह्याचा विचार मनांत येतो.

अक्षरांचीहि एक गंमत आहे, आणि ती नेमकी आपल्याच प्रांताच्या नांवांत दडलेली आहे. संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठीं १९९१ मध्यें भारतीय प्रमाण ठरलें. पुढें जगभर चालणारें युनिकोड आलें. ‘वऱ्हाड’ ह्या शब्दांतला अर्धा र, ज्याला पापणीचा रफार म्हणतात, युनिकोडांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो: एक नुक्त्याच्या रपासून, दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढें एक अदृश्य सांधा घालून. डोळ्याला दोन्ही सारखे. यंत्राला दोन निराळे शब्द. ‘वऱ्हाडे’ आडनांवाचे खातेदार शोधावयास गेलें तर अर्धेच सांपडतील. तसाच ‘ळ’. आपल्या वर्णमालेंत तो ह च्या पुढें शेवटास बसतो. युनिकोडानें त्यास ल आणि व ह्यांच्यामध्यें बसविलें आहे. म्हणून मराठी क्रम न शिकविलेल्या यंत्रांत ‘कळंब’ हें ‘कव’ आणि ‘कस’ ह्यांनीं सुरू होणाऱ्या गांवांच्या आधीं येतें, शिकविलेल्या यंत्रांत त्यांच्या नंतर. आणि नंबर जर अक्षरें म्हणून सांठविले असतील तर १० हा आंकडा २ च्या आधीं येतो. खुर्द, बुद्रुक हे शब्द कोठें पुरे, कोठें ‘खु.’, ‘बु.’ असे तोकडे. म्हणून २०२० मध्यें सातबाऱ्याचा नमुना सुधारतांना गांवाच्या नांवाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांकहि छापण्याचें ठरलें, तें शहाणपणाचें झालें.

मग ह्यावर उपाय काय? तंत्रज्ञांचा उपाय जुन्याच वळणाचा आहे. जुनें यंत्र लगेच बंद करूं नये. दोन्ही यंत्रांस तेच प्रश्न विचारावे, उत्तरें शेजारीं ठेवावीं, ओळींची संख्या व क्षेत्राच्या बेरजा जुळतात काय तें पाहावें, आणि जेथें जुळत नाहींत तेथें हात घालावा. मुंबईच्या पाहणींतहि मोजणीदारानें मोजलेल्या शेतांपैकीं कांहीं शेतें वरिष्ठ अधिकारी आपण पुन्हां मोजून पाहत असत. जुळलीं तरच पुढें जात. संगणकाच्या बेरजा जुळल्या तरी नांवें जुळलींच असें मात्र होत नाहीं. नांवाची बेरीज करतां येत नाहीं. दोन भावांचीं क्षेत्रें एकमेकांच्या नांवावर गेलीं तर गांवचा एकूण आंकडा जसाच्या तसा राहतो, आणि कोणत्याहि बेरजेंत ती चूक उतरत नाहीं.

म्हणून २०१७ सालीं राज्यांत संगणकीय सातबाऱ्याचें चावडी-वाचन करण्यांत आलें. यंत्रांतून निघालेला कागद घेऊन तलाठ्यानें गांवांत बसावें, एकेक नंबर, त्याचें क्षेत्र, त्यासमोरचें नांव मोठ्यानें वाचावें, आणि ज्याचें शेत त्यानें ऐकून बरोबर आहे किंवा नाहीं तें सांगावें, अशी ती रीत. चूक निघाली तर ती तेथेंच टिपून घेऊन मूळ हस्तलिखित उताऱ्याशीं ताडून पाहावयाची. नव्या दप्तरास विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें शेतकऱ्याच्या कानांवरून घालून तपासलें गेलें.